हतबलता कोठून येते?



वाशीम जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याविषयी शहाण्यासुरत्या माणसांचे एक मत ठरून गेलेले असते : हा माणूस मुळातच दैववादी आणि निरुत्साही आहे. हे मत शास्त्राच्या कसोटीला कितपत उतरते, हे पाहण्यास मानसशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातील एक संकल्पना पुरेशी आहे. तिचे नाव अर्जित हतबलता.

१९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक निर्दय प्रयोग केला. पहिल्या गटातील कुत्र्यांना बसणारा विजेचा धक्का डोक्याने फळी दाबताच थांबे. दुसऱ्या गटाला धक्के तेवढेच मिळाले. परंतु काहीही केले तरी ते त्यांच्याकडून थांबत नसत. पुढे दोन्ही गटांना अशा पेटीत ठेवले की, मधला अडसर ओलांडताच सुटका व्हावी. पहिली कुत्री उडी मारून सुटली. दुसऱ्या गटातील बहुतेक जागीच पडून राहिली. वेदना सारखीच होती. आपल्या कृतीने काही बदलते की नाही, हा अनुभव तेवढा निराळा होता.

माणूस याहून एक पाऊल पुढे जातो. तो कारण शोधतो. ‘खोट माझ्यातच आहे, आणि ती कायमची आहे’ असे उत्तर त्याला सापडले, तर हतबलता खोल रुजते, असे १९७८ मध्ये सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले.

आता हा धडा रिसोड किंवा मानोऱ्याच्या शिवारात नेऊन पाहावा. पाऊस कोणाच्याच हाती नाही. पण बियाण्याची किंमत दुकानदार सांगतो, सोयाबीनचा भाव व्यापारी सांगतो. शेतकऱ्याने मेहनत दुप्पट केली तरी यातले काही हलत नाही. वर्षानुवर्षे हाच अनुभव घेतलेला माणूस गप्प बसला, तर तो स्वभावाचा दोष कसा? आणि समाज त्याला आळशी म्हणतो, तेव्हा ‘खोट माझ्यातच’ हे घातक उत्तर समाजच त्याच्या हाती देतो.

केंद्र सरकारने २००६ साली विदर्भातील सहा जिल्ह्यांना विशेष साहाय्य जाहीर केले. त्यांत वाशीम होता. २०१५ साली राज्याने चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यांतही वाशीम होता. नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ची मदत मिळते. ती घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

परंतु समुपदेशनाला मर्यादा आहे. २०१६ साली मायर आणि सेलिगमन यांनी स्वतःचाच सिद्धांत दुरुस्त केला. मेंदूच्या अभ्यासावरून त्यांनी सांगितले की, दीर्घ त्रासापुढे निष्क्रिय होणे हे मुळात शिकावे लागत नाही. शिकावे लागते ते नियंत्रण. ‘माझ्या कृतीने फरक पडतो’ हे प्राणी अनुभवानेच शिकतो. १९६८ च्या प्रयोगात पडून राहिलेली कुत्री सावरली, ती दोरीने ओढून पुन्हा पुन्हा अडसरापलीकडे नेल्यानंतर.

माणसाच्या गळ्यात मात्र दोरी घालता येत नाही. ओढून नेणारा नवा मालक मिळाला, तर जुनीच हतबलता उरते. पीकविम्याच्या अर्जाला मुदतीत उत्तर, पेरणीपूर्वी हाती पडणारे कर्ज, ग्रामसभेत घेतलेला आणि खरोखर अमलात आलेला एखादा ठराव, असे लहान लहान अनुभवच तो धडा शिकवतील. शेतकऱ्याला धीर देऊ पाहणाऱ्या प्रत्येक योजनेला म्हणूनच एक प्रश्न विचारला पाहिजे : तिच्यामुळे त्याच्या हाती नेमका कोणता निर्णय आला?