दर्शनी भाग आणि मागची मोरी

(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला आज इमारतीविषयी बोलायला सांगितले आहे. मी इंजिनिअर नाही. ईश्वरज्ञानाची पदविका घेतली आणि गेली अठरा वर्षे जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर काम करते आहे. या काळात अनेक वसतिगृहांत मुलींबरोबर राहिले, जेवले, पावसाळे काढले. तेवढ्याच अधिकाराने बोलते.

आपल्यापुढे मुलींच्या वसतिगृहाचे दोन नकाशे आहेत. पहिल्यात पुढे उंच खांबांचा पोर्च, काचेच्या मोठ्या खिडक्या, चकचकीत फरशी आणि वर सपाट गच्ची आहे. दुसऱ्यात उतरते कौलारू छप्पर, रुंद पडवी, छपराचे पाणी साठवणारी टाकी आणि झोपण्याच्या खोल्यांना लागूनच संडास-न्हाणीघर आहे. खर्च जवळपास सारखाच. आपल्यापैकी बऱ्याच जणांना पहिला नकाशा आवडला आहे. "आपली इमारत चारचौघांत उठून दिसली पाहिजे," असे एक वडीलधारे बंधू मला म्हणाले. त्यामागचे प्रेम मला कळते. गरिबाला द्यायचे म्हणून कसेतरी द्यायचे नाही, ही भावना मोलाची आहे. म्हणून "दिसण्याला काय महत्त्व?" असे मी म्हणणार नाही. दिसण्याला महत्त्व आहेच. प्रश्न आहे तो कोणासाठी दिसायचे आणि कशाच्या बदल्यात.

पवित्र शास्त्रात निवासमंडपाचे वर्णन वाचा. निर्गमाच्या २६व्या अध्यायात आतले पडदे तलम कापडाचे, निळ्या-जांभळ्या-किरमिजी रंगांचे, त्यांवर करूबांची नक्षी. त्यावर बकऱ्याच्या केसांचे आच्छादन आणि त्याच्याही वर कातडी. म्हणजे रानातल्या वाऱ्या-धुळीला तोंड देणाऱ्या बाजूला टिकाऊ कातडे आणि सुंदर काम आत, जिथे सेवा चालते तिथे. देवाने सौंदर्य नाकारले नाही. त्याची जागा ठरवून दिली. आणि अनुवादाच्या २२व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे ती छपराला कठडा बांधण्याची, कोणी पडून मरू नये म्हणून. घराविषयीचा तो नियम माणसाच्या जिवाविषयीचा आहे.

आता एका वास्तुरचनाकाराविषयी सांगते. लॉरी बेकर हे इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे, क्वेकर पंथाचे. १९४५ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या मिशनच्या इमारती बांधायला ते भारतात आले. पुढे डॉक्टर पत्नी एलिझाबेथ यांच्यासह हिमालयात पिथोरागढला अनेक वर्षे राहिले. आपण शिकलेले बांधकाम त्या डोंगरात चालत नाही आणि तिथल्या माणसांची दगड-लाकडाची घरे मात्र थंडी-पावसात उभी आहेत, हे त्यांनी पाहिले. त्या घरांकडून ते शिकले. नंतर केरळात त्यांनी गरिबांची घरे, शाळा, प्रार्थनामंदिरे बांधली. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या कामात उपयोग आणि देखणेपणा वेगळे काढता येत नाहीत. भिंतीत विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचायच्या, म्हणजे मध्ये पोकळी राहते. सुमारे पाव भाग विटा वाचतात आणि पोकळीमुळे खोली कमी तापते. स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीटचा फारसा उपयोग नसतो, तिथे कौले बसवायची. सिमेंट वाचते आणि खालून पाहिले तर छताला कौलांची नक्षी दिसते. खिडकीऐवजी विटांची जाळी ठेवली की हवा येते, उजेड येतो आणि दुपारी जमिनीवर कवडशांची रांगोळी पडते. या नक्षीसाठी वेगळा पैसा लागत नाही.

त्यांची नक्कल करा असे मी म्हणत नाही. आपल्याकडचा नैर्ऋत्येचा पाऊस भिंतींना झोडपून काढतो. बिनगिलाव्याची वीट ठेवायची तर वळचण रुंद हवी आणि गवंडी तयार हवा. घ्यायचा आहे तो क्रम. आधी ऊन, पाऊस, वारा आणि राहणारी माणसे पाहा; त्यातून रूप येऊ द्या.

हे शहाणपण आपल्या पाड्यांवर आहेच. वारली घरातला कारवीचा कूड पाहा. शेणामातीने सारवला की तो ऊन अडवतो आणि जिथे सारवत नाहीत तिथून हवा खेळते, चुलीचा धूर बाहेर पडतो. म्हणून काही जण सुचवतात, की सिमेंटच्या भिंतीवर वारली चित्रे रंगवून घेऊ, म्हणजे इमारत आदिवासी दिसेल. मुलींनी स्वतः काढली तर आनंदच आहे. पण आत उकाड्याने जीव जात असेल, तर तीही दर्शनी सजावटच झाली.

मी हे इतके जीव तोडून का सांगते? एका वसतिगृहात, नाव घेत नाही, पुढचा भाग फार सुरेख आहे. संडास मात्र मागे, अंधारात, चिखलाची वाट तुडवून जावे लागते. तिथल्या मुली संध्याकाळी पाचनंतर पाणी पीत नाहीत. "रात्री जावे लागेल, ताई," असे सहावीतल्या मुलीने मला सांगितले. दिवसभर शाळा, दुपारचे ऊन, आणि तहान मारून झोपायचे. अशा मुलींना लघवीची जळजळ होते, ताप येतो, शाळा बुडते. मग पालक मुलीला घरी नेतात आणि आपण म्हणतो, पालकांना शिक्षणाची आस्था नाही.

म्हणून मत देण्यापूर्वी दोन्ही नकाशे एका बारा वर्षांच्या मुलीच्या नजरेने पाहा. रात्री दोन वाजता ती उठली तर किती पावले चालेल? दिवा असेल का? दाराला आतून कडी असेल का? मे महिन्यात विहीर आटली की न्हाणीत पाणी कुठून येईल? जुलैमध्ये चाळीस मुलींचे कपडे कुठे वाळतील? पडवीचे उत्तर इथे मिळते, पोर्चचे मिळत नाही. ही उत्तरे मिळाल्यावर रंग, फुलझाडे, दारावरचे कोरीवकाम यांसाठी जे उरेल ते मनापासून खर्च करू. त्या मुलींनाही सुंदर घर हवे आहे.

पोर्चसमोर उद्घाटनाचा फोटो चांगला येतो, हे खरे. टाकीचा आणि मोरीचा तसा येणार नाही. तरी ज्यांना दान द्यायचे आहे त्यांनी त्यासाठी द्यावे, अशी माझी विनंती आहे. त्याचा पैन् पै हिशोब आम्ही याच पत्रिकेतून देऊ आणि त्यासोबत दर तिमाहीला किती मुली शाळेत टिकल्या तेही कळवू.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.