बाहेर दिलेले काम आणि आपली जबाबदारी

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त देहू येथे उद्योजक व वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि या परिसरातील माळरानावर कारखाने उभे राहू लागले. त्या काळी टेल्कोला ओतशाळा, यंत्रनिर्मिती, साचे हे विभागही स्वतःच उभारावे लागले. पुढे भोसरी, चिखली, तळवडे येथे लघुउद्योग वाढले आणि सुटे भाग बाहेरून करवून घेणे शक्य झाले. आज आपण यालाच आउटसोर्सिंग म्हणतो.

कोणते काम बाहेर द्यावे? ज्या कामावर आपली ओळख उभी आहे ते, म्हणजे संरचना आणि गुणवत्तेची अंतिम परीक्षा, आपल्याकडे ठेवावे. उर्वरित अवश्य द्यावे. मात्र नगाचा दर हाच खर्च समजू नये. नाकारलेला माल, वाहतूक, साठा आणि एका भागावाचून थांबलेली जुळणी हाही खर्चच होय. उत्पादनाचे नियोजन, खरेदीचा आदेश आणि लेखाविभागाचे देयक या तिन्हींचा मेळ बसविणे हे वरिष्ठांचेच काम आहे.

येथे माझी एक चूक सांगतो. मी एका कंपनीत खरेदीप्रमुख असताना तळवड्यातील एका पावडर कोटिंग करणाऱ्या उद्योजकाचा दर सलग तीन वर्षे कमी करवून घेतला. त्याची बिलेही चार-चार महिने थांबविली. माझे कौतुक झाले. चौथ्या पावसाळ्यात रंगाखालून गंज वर आला. फॉस्फेटिंगच्या टाकीतील रसायन बदलणे त्याने लांबविले होते. जाब विचारला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “साहेब, रसायनाचे पैसे तुमच्याकडेच अडकले होते.” मजजवळ उत्तर नव्हते.

आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताच्या अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आणि ‘अन्नपाननिरोध’ यांचा समावेश आहे. आश्रितावर शक्तीबाहेर ओझे लादणे आणि त्याचे अन्नपाणी अडविणे, असा त्यांचा अर्थ. न परवडणारा दर आणि अडविलेले बिल यांहून ते फार वेगळे आहेत काय?

कायदाही हेच सांगतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे देणे करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागते. विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज पडते. २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून असे देणे मुदतीत न दिल्यास त्याची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. परंतु दंडाच्या भयाने पाळलेली मुदत निराळी आणि व्रत म्हणून पाळलेली निराळी.

याच इंद्रायणीत तुकोबारायांनी वडिलोपार्जित सावकारीतील आपल्या वाट्याची कर्जखते सोडून दिली, असे चरित्रकार सांगतात. त्यांनी आपले येणे सोडले. आपणांस कोणी येणे सोडण्यास सांगत नाही. देणे तेवढे वेळेवर द्यावे, एवढीच नम्र विनंती.

जय जिनेंद्र.