धोका ज्याचा, ज्ञान त्याचे

(धरणगाव येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



नैसर्गिक आपत्तींवरचे संशोधन आणि त्याचे खुले प्रकाशन, असा आजचा विषय आहे. ऐकायला तो विद्यापीठातला वाटतो, पण त्याची मुळे तापी-गिरणेच्या काठावर आहेत. म्हणून सुरुवात इथल्याच दोन कागदांपासून करतो.

पहिला कागद मुंबई सरकारच्या गॅझेटियरचा. १८८० साली छापलेला त्याचा बारावा खंड संपूर्ण खानदेशाचा आहे. आपल्या नद्यांचे मोठे पूर ब्रिटिश अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवले. १८२२ साली तापीच्या पुरात ६५ गावे पूर्ण वाहून गेली आणि ५० गावांचा काही भाग गेला. १८७२ साली गिरणा आणि पांझरा चढल्या. पांझरेने धुळ्यातली ५०० घरे नेली, १५२ गावांना फटका बसला आणि त्या काळच्या सोळा लाख रुपयांची मालमत्ता बुडाली. परक्या सरकारने स्वतःच्या कारभारासाठी केलेले हे लिखाण आज महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागामुळे कोणालाही मोबाइलवर फुकट वाचता येते.

दुसरा कागद २००४ सालचा. विश्वास काळे आणि प्रमोद हिरे या आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन भूरूपशास्त्रज्ञांनी तापीच्या पावसाळी पुरांवर एक शोधनिबंध लिहिला. तापीचे पात्र कसे आहे, पूर त्यात किती जोराने वाहतो आणि कोणता पूर ते पात्र खरोखर बदलतो, याचा तो अभ्यास आहे. तो ‘जिओमॉर्फॉलॉजी’ या नियतकालिकात आला. या नियतकालिकाचे प्रकाशक एल्सव्हिअर, मुख्यालय ॲम्स्टरडॅम. अशा नियतकालिकातला एक निबंध वर्गणी नसलेल्या वाचकाला विकत घ्यायचा तर साधारण तीस-चाळीस डॉलर पडतात. म्हणजे तापीकाठच्या शेतकऱ्याने, तलाठ्याने किंवा शाळेतल्या भूगोलाच्या शिक्षकाने आपल्याच नदीबद्दल वाचण्यासाठी तीन हजार रुपयांच्या आसपास मोजायचे. यात लेखकांचा दोष नाही. त्यांना त्या पैशातला एक रुपयाही मिळत नाही.

दीडशे वर्षांपूर्वीचा पूर आपल्याला मोकळा आणि आजच्या पुराचे शास्त्र कुलपात, ही स्थिती मला मान्य नाही. धोका ज्याच्या दारात आहे, त्या धोक्याबद्दलच्या ज्ञानावर पहिला हक्क त्याचा आहे. आज मी जे सांगणार आहे, ते सगळे या एका वाक्यासाठी.

आधी हे कुलूप लागते कसे ते पाहू. संशोधकाचा पगार, प्रयोगशाळा, प्रवास हा बहुतेक खर्च जनतेच्या करातून होतो. तो निबंध लिहितो आणि प्रकाशकाला विनामूल्य देतो. निबंध बरोबर आहे की नाही हे दुसरे प्राध्यापक तपासतात, तेही बहुधा विनामूल्य. मग प्रकाशक तो छापतो, हक्क स्वतःकडे घेतो आणि त्याच विद्यापीठांच्या ग्रंथालयांना वर्गणीने विकतो. या रीतीविरुद्ध १४ फेब्रुवारी २००२ रोजी बुडापेस्टचा जाहीरनामा निघाला. इंटरनेटमुळे प्रत काढायला खर्च उरलेला नाही, तेव्हा तपासलेले संशोधन सर्वांना विनामूल्य वाचता, उतरवता आणि वापरता आले पाहिजे, लेखकाला श्रेय मात्र मिळाले पाहिजे, हे त्याचे सार. खुले प्रकाशन किंवा ओपन ॲक्सेस म्हणतात ते हेच.

आपल्या केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिके. सरकारी विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या मुलांना यामुळे जे वाचायला मिळेल, ते मागच्या पिढीला स्वप्नातही मिळाले नसते. त्याचे मी स्वागत करतो. पण ती सदस्यता संस्थांची आहे. ग्रामपंचायत सदस्य, पत्रकार, गावचे वाचनालय, तापीकाठचा केळी उत्पादक हे सगळे त्या यादीबाहेर आहेत. आणि पूर येतो तेव्हा तो संस्थेत शिरण्याआधी यांच्या घरात शिरतो.

कोणी विचारेल, शेतकऱ्याला शोधनिबंध कशाला हवा? त्याचे उत्तर दोन रेषांत आहे. महाराष्ट्रात नदीकाठी पाटबंधारे खाते निळी रेषा आणि लाल रेषा आखते. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन रेषांच्या मध्ये निर्बंध. तुमचा प्लॉट बिनशेती होणार की नाही, घर कुठे बांधायचे, हे या रेषा ठरवतात. आणि या रेषा येतात पुराच्या नोंदी आणि त्यावरच्या गणितातून, म्हणजे संशोधनातून.

शंभर वर्षांचा पूर म्हणजे एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निश्चिंती, अशी समजूत सर्वत्र आहे. ती जीवघेणी आहे. त्याचा अर्थ, तो पूर येण्याची शक्यता प्रत्येक वर्षी शेकडा एक. तीस वर्षे एका घरात राहणाऱ्या कुटुंबाला लाल रेषेपर्यंतचा पूर निदान एकदा दिसण्याची शक्यता शेकडा २६ आहे. निळ्या रेषेपर्यंतचा पूर दिसण्याची शक्यता शेकडा ७१ आहे. हे गणित अकरावीतल्या मुलाला करता येते. पण त्यामागच्या नोंदी किती वर्षांच्या, कोणत्या केंद्रावरच्या, १८७२ सारखा पूर त्यांत धरला की नाही, हे प्रश्न विचारायचे तर मूळ अभ्यास समोर हवा. तो नसेल तर आपण फक्त रेषा पाळू शकतो, तपासू शकत नाही.

केळीच्या विम्याचेही तसेच. हवामानावर आधारित फळपीक विम्यात बहुतेक धोक्यांसाठी पंचनामा निर्णायक नसतो. पारा किती खाली गेला, किती दिवस राहिला, हे हवामान केंद्रावरच्या नोंदीवरून ठरते आणि त्यावर भरपाई ठरते. आपत्तीचा धोका पैशात मोजण्याचे हे शास्त्र जगभरच्या विमा कंपन्या वापरतात आणि त्यांची बरीच गणिते खासगी मालकीची असतात. पण खुली वाटही आहे. भूकंपाच्या धोक्याचे गणित करणारी ‘ओपनक्वेक’ ही संगणक प्रणाली इटलीतल्या पाविया इथल्या प्रतिष्ठानाने सर्वांसाठी मोकळी ठेवली आहे. भूकंपाचे गणित मोकळे ठेवता येते, तर केळीच्या विम्याचे निकष कशावरून ठरले हेही रावेर-यावल-चोपड्याच्या शेतकऱ्याला वाचता आले पाहिजे.

आता या विषयातली महाराष्ट्राला सर्वांत जवळची घटना. सह्याद्रीचे उत्तर टोक आपल्या तापीच्या खोऱ्याला टेकते. तिथपासून कन्याकुमारीपर्यंतच्या पश्चिम घाटाचा अभ्यास करण्यासाठी केंद्राने २०१० मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल दिला. कोणत्या तालुक्यात किती संवेदनशील प्रदेश आहे आणि कुठे काय करू नये, हे त्यात होते. अहवाल सरकारच्या खर्चाने झाला होता, पण मंत्रालयाने तो प्रसिद्ध केला नाही. केरळमधल्या एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात तो मागितला, तेव्हा नकार मिळाला. प्रकरण केंद्रीय माहिती आयोगाकडे गेले. माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी एप्रिल २०१२ मध्ये अहवाल खुला करण्याचा आदेश दिला. मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. १७ मे २०१२ रोजी न्यायालयाने ती याचिका फेटाळली आणि त्याच महिन्यात अहवाल संकेतस्थळावर आला.

म्हणजे तयार अहवाल जवळजवळ नऊ महिने लोकांपासून दूर राहिला. पण याहून मोठी गोष्ट पुढे आहे. हा अहवाल स्थानिक भाषांत ग्रामसभांपुढे जावा, लोकांनी त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात आणि मग निर्णय व्हावा, असा गाडगीळांचा सतत आग्रह होता. संकेतस्थळावरचा इंग्रजी अहवाल घाटातल्या वेल्ह्याच्या किंवा आंबेगावच्या वाडीत आपोआप पोचत नाही. तिथे आधी पोचते ती अफवा. ‘तुमची शेती जाणार, घर बांधू देणार नाहीत,’ हे ऐकलेला माणूस मूळ पान वाचू शकला नाही, तर तो विरोधात उभा राहतो आणि त्याला दोष देता येत नाही.

कुलूप काढणे ही पहिली पायरी आहे. दुसरी पायरी भाषेची, आणि तिसरी ऐकून घेण्याची. ही तिसरी पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती आले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. यादी करणाऱ्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण यादी कार्यालयात राहते तेव्हा तिच्यातले राहून गेलेले नाव कोण दाखवणार? डोंगराला भेग कुठे पडली, झरा अचानक कुठे फुटला, हे तिथे राहणाऱ्यालाच दिसते. त्याच्यापर्यंत यादी गेली तरच तो म्हणेल, ‘आमची वाडी यात का नाही?’

शास्त्रात ऐकून घेण्याचा हा प्रयोग चालू आहे. २००१ साली सुरू झालेले, नैसर्गिक आपत्तींवरचे एक नियतकालिक युरोपीय भूविज्ञान संघाच्या वतीने आज पूर्ण खुले निघते. त्यात निबंध स्वीकारण्याआधीच चर्चेसाठी जाहीर ठेवतात. परीक्षकांचे आक्षेप, लेखकांची उत्तरे सर्वांना दिसतात आणि इतर अभ्यासकही शेरा लिहू शकतात. चूक छापण्याआधी सापडावी, हा त्यामागचा हेतू. ग्रामसभेपुढे धोक्याचा नकाशा ठेवणे म्हणजे हीच पद्धत गावात आणणे.

आपल्या देशातही उजळ उदाहरणे आहेत. भारतीय हवामान विभागाचे ‘मौसम’ हे त्रैमासिक आज कोणालाही विनामूल्य वाचता येते. २०१४ साली त्यात डी. एस. पै आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. ६,९५५ पर्जन्यमापन केंद्रांच्या नोंदी घेऊन १९०१ पासूनचा देशाचा रोजचा पाऊस त्यांनी चौकटी-चौकटींत मांडला. एक चौकट साधारण २५ किलोमीटरची. निबंध खुला, आकडेही खुले. जळगावातला विद्यार्थी आज बसल्या जागी आपल्या भागाचा शंभर वर्षांचा पाऊस काढू शकतो. आणि आकडे खुले असल्यामुळेच त्यांची मर्यादाही कळते. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावला तितूर आणि डोंगरी नद्यांनी हाहाकार केला, कन्नड घाटात दरडी आल्या. डोंगरातल्या एका पट्ट्यावर काही तास कोसळणारा असा पाऊस पंचवीस किलोमीटरच्या चौकटीत विरघळून जातो. तिथे गावाची नोंद लागते. मोठे शास्त्र आणि गावाची नोंद एकमेकांना लागतात, आणि दोन्ही उघड्यावर असतील तरच जुळतात.

आक्षेप तीन येतात. पहिला, माहिती उघड केली तर लोक घाबरतील, जमिनीचे भाव पडतील. भाव पडेल, हे खरे आहे. पण पुराच्या जागेवर चढ्या भावाने घर विकले गेले, तर नुकसान फक्त पुढे ढकलले जाते आणि ते शेवटी न जाणणाऱ्याच्या अंगावर येते. दुसरा, लोक चुकीचा अर्थ काढतील. काढतील. त्यावर उपाय समजावून सांगण्याचा आहे, लपवण्याचा नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. वाचकाला फुकट द्यायचे, तर अनेक प्रकाशक लेखकाकडून शुल्क घेतात आणि ते कित्येकदा लाखाच्या वर जाते. लहान गावातल्या महाविद्यालयाचा प्राध्यापक ते कुठून देणार? शिवाय पैसे घेऊन काहीही छापणारी बनावट नियतकालिकेही याच वाटेने शिरली आहेत. म्हणून मी वेगळी वाट सुचवतो. निबंध कुठेही छापा, पण स्वीकारलेली अंतिम प्रत विद्यापीठाच्या खुल्या संग्रहात ठेवा. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान या विभागांनी २०१४ मध्येच आपल्या अनुदानावरच्या संशोधनासाठी हे धोरण जाहीर केले आहे. त्याला लेखकाचा खर्च नाही. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर असेच खुले होतात.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती विद्वानांकडचे ज्ञान मराठीतून नागरिकांपुढे आणण्यासाठी. आज आपण इथे बसलो आहोत, तो त्याच कामाचा विस्तार आहे. म्हणून इथल्या मंडळींकडे तीन मागण्या ठेवतो.

प्राध्यापक मित्रांना : गिरणेच्या काठावर आपले कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ आहे. तापी, गिरणा, पांझरा, बोरी यांवर जो प्रबंध होईल, त्याला एक पानाचा मराठी सारांश जोडा. काय सापडले, कोणत्या गावाला धोका, किती खात्रीने सांगता, एवढेच. तो अहिराणीत ध्वनिमुद्रित केलात तर शेताच्या बांधावर ऐकला जाईल.

वाचनालयांना : गॅझेटियरमधली पुरांची पाने, पूररेषांचे नकाशे, ‘मौसम’मधले आपल्या भागाचे निबंध आणि जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा यांची एक फाइल वाचनकक्षात उघडी ठेवा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे तो आराखडा वेळोवेळी अद्ययावत व्हावा लागतो. कोणत्या वर्षाची प्रत हाती आली, तेही फाइलवर लिहा.

आणि गावकऱ्यांना : धरणगाव तालुक्याला तापी आणि गिरणा दोन्ही लागून आहेत. तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की खाली निरोप येतो, तोवर पाणी निघालेले असते. निरोपाच्या आधीचे ज्ञान तुमच्याकडे हवे. मृगाच्या आधी ग्रामसभा घ्या आणि विषयपत्रिकेवर एक विषय घाला : गावाच्या पूररेषेचा नकाशा आणि त्यामागचा अभ्यास मराठीत वाचून दाखवणे. म्हाताऱ्या माणसांना विचारा, पाणी कुठवर आले होते. नकाशाशी ते जुळले नाही, तर तसे इतिवृत्तात लिहा आणि पाटबंधारे खात्याला कळवा. नकाशा मिळाला नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, पोच घ्या आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. केरळच्या एका नागरिकाच्या अर्जामुळे साऱ्या पश्चिम घाटाचा अहवाल खुला झाला. आपल्याला तर आपल्या दोन नद्यांचे नकाशे हवे आहेत.