दुसरीची हजेरी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालन करणाऱ्या आपल्या मित्रानं माझी ओळख करून देताना 'ज्ञानदानाचं पवित्र कार्य' असे बरेच मोठे शब्द वापरले. शाळेत असताना हाच माझी पेन्सिल पळवायचा, त्यामुळे आज त्याच्या तोंडून एवढं कौतुक ऐकून बरं वाटलं. माझ्याआधी बोललेल्यांत कोणी बँकेत आहे, कोणी पोलिसांत, कोणाचं कृषी सेवा केंद्र आहे. मी मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. संयोजकांनी सांगितलं, "दहा मिनिटं, आपापल्या कामाबद्दल बोला." म्हणून मी माझ्या वर्गातल्या एप्रिल महिन्याबद्दल बोलणार आहे.

आपला एप्रिल आठवतो ना? सकाळची शाळा, तरटपट्ट्या, ओल्या फडक्यानं पुसलेली पाटी. कडुनिंबाखाली ओळीनं उभं राहून पाढे म्हणायचे. मग परीक्षा, आणि १ मेला झेंडावंदन झालं की निकाल. पास झालेले उड्या मारत घरी, आणि नापास झालेला मागच्या वाटेनं. आपल्या दाखल्यांवर 'जिल्हा अकोला' आहे. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा वेगळा झाला, म्हणून माझ्या वर्गातल्या मुलांच्या दाखल्यावर 'जिल्हा वाशिम' असतं. बाकी खोल्या पक्क्या झाल्या, खिचडी आली, दुसरीत नापास करणं बंद झालं. ऊन मात्र तेच आहे.

आपल्या दुसरीच्या बाई आज समोर बसल्या आहेत. बाई, तुम्हाला आठवतं का माहीत नाही. शेवटच्या आठवड्यात तुम्ही एकेकाला टेबलाजवळ बोलवायचा. तुमच्या पिशवीत वर्तमानपत्राचे तुकडे असायचे, किराणा दुकानातून फुटाणे बांधून आलेले. त्यातला एक हातात द्यायचा आणि म्हणायचं, "वाच, काय लिहिलंय?" मला कापसाच्या भावाची बातमी आली होती. 'क्विंटल' हा शब्द मला वाचता आला नाही आणि मी रडले होते. आम्हाला वाटायचं, बाईंचा वेळ जात नाही म्हणून हा खेळ चाललाय. तो खेळ कशासाठी होता, हे कळायला मला नोकरीची बरीच वर्षं लागली. ते कसं कळलं, तेच सांगते.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगा होता. चुणचुणीत, आवाज खणखणीत. पुस्तकातला कोणताही धडा काढा, हा घडाघडा वाचायचा. साहेब तपासणीला आले की मी त्यालाच उभं करायची. वार्षिक तोंडी परीक्षेत मी त्याला भरपूर गुण दिले आणि पुढं पाठवलं. पुढं माझी बदली झाली. दहा-बारा वर्षांनी मंगरूळपीरच्या बसस्थानकावर एक उंच पोरगा माझ्या पाया पडला. तोच. सातवीत शाळा सोडली म्हणाला, आता कामाला जातो. दोन-चार गोष्टी बोलून झाल्या, तेवढ्यात गाडी लागली. त्यानं मला विचारलं, "मॅडम, हे गाडी मानोऱ्याले जाते का?"

पाटी त्याच्या डोळ्यांसमोर होती. मोठ्या अक्षरात 'मानोरा' लिहिलेलं होतं.

मी "हो" म्हटलं. तो गाडीत बसला, खिडकीतून हात केला. त्यानं मला काहीच दोष दिला नाही. मी मात्र घरी येईपर्यंत दुसरीचा वर्ग आठवत होते. त्याची मोठी बहीण त्याच शाळेत होती. ती घरी मोठ्यानं वाचायची, हा ऐकून पाठ करायचा. चित्र पाहिलं की त्याला धडा आठवायचा. त्यानं मला फसवलं नव्हतं. मीच त्याला कधी न पाहिलेला कागद वाचायला दिला नव्हता. आणि बाई, त्या रात्री मला तुमची फुटाण्याच्या कागदांची पिशवी आठवली.

तेव्हापासून माझा एप्रिल बदलला.

दुसरी संपताना लेकरू वाचतं की नाही, याला एवढं महत्त्व का? कारण तिसरीपासून पुस्तकं असं धरून चालतात की वाचता येतंच. मग परिसर अभ्यास वाचून समजून घ्यायचा, गणिताचं उदाहरण वाचून सोडवायचं. ज्याला वाचता येत नाही त्याचे सगळेच विषय एकदम मागं पडतात, आणि वर्गातल्या साठ कानांसाठी बोलणाऱ्या मास्तराला ते दिसतही नाही. 'प्रथम' संस्थेची मंडळी २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करतात. गावोगावी घरी जाऊन मुलांना अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. २०२२ साली देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या शंभरातल्या साधारण वीसच मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता आली. २०२४ साली सत्तावीस. म्हणजे माझा तो मुलगा एकटा नव्हता.

तर एप्रिलमध्ये आम्ही काय करतो ते सांगते.

पहिलं काम, पुस्तक तयार करणं. वर्षभराच्या वह्यांमधली कोरी पानं काढायची, मधोमध दुमडायची आणि सुईदोऱ्यानं शिवायची. आठ पानांचं पुस्तक होतं. त्यात प्रत्येकानं स्वतःचं लिहायचं: आमची बकरी, आजोबांची ढोलकी, पोहरादेवीची यात्रा. रामनवमीला पोहरादेवीला यात्रा भरते, तेव्हा माझा निम्मा वर्ग तिकडंच असतो. पूर्वी मी गैरहजेरी लावून चिडायची. आता सांगते, जाऊन या आणि आल्यावर लिहा. मग एकाचं पुस्तक दुसऱ्यानं वाचायचं. इथं पाठांतर चालतच नाही, कारण ते पुस्तक जगात एकच आहे आणि काल लिहून झालंय. वाचणारा अडखळला की लिहिणारा धावत येतो आणि म्हणतो, "अरे, ते 'शिंग' हाय, 'शिग' नाही." मग आपणच अनुस्वार द्यायला विसरलो, हे त्याच्या लक्षात येतं. हे मी फळ्यावर वर्षभर सांगत होते.

एका मुलीनं तिच्या पुस्तकात 'आई'च्या जागी सगळीकडे 'याडी' लिहिलं आणि 'भाकरी'च्या जागी 'बाटी'. बंजारा घरात हेच शब्द असतात. मी लाल पेन उचललं होतं, पण ते खाली ठेवलं. तिला लिहिता येत होतं, वाचता येत होतं, आणि आईला ती ज्या नावानं हाक मारते तेच तिनं लिहिलं होतं. आम्ही शेजारी 'आई' आणि 'भाकरी' हे शब्दही लिहिले. आता ते पुस्तक वर्गाच्या दोरीवर आहे. दरवर्षी नवी मुलं तेच आधी मागतात.

दुसरं काम तुराट्यांचं. आपल्याकडे तूर निघाली की तुराट्यांना तोटा नाही. त्यांचे बोटाएवढे तुकडे करायचे, दहा-दहाच्या जुड्या बांधायच्या, आणि दहा जुड्यांचा एक मोठा भारा म्हणजे शंभर. मुलं एक ते शंभर अशी म्हणतात की ऐकणारा खूश होतो. पण म्हणा, "बावन्न काड्या दे." कितीतरी मुलं दोन जुड्या आणि पाच सुट्या आणतात आणि वहीत २५ लिहितात. चूक त्यांची कशी म्हणायची? 'बावन्न'मध्ये दोन आधी ऐकू येतात, पन्नास नंतर, आणि लिहिताना पाच आधी. तुम्हाला आठवत असेल, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला. विधानसभेपर्यंत विषय गेला. टिंगलही खूप झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगलाताई नारळीकर शांतपणे सांगत होत्या की ही अडचण लहान मुलांची आहे. त्यावर वाद घालणाऱ्यांनी एकदा दुसरीच्या वर्गात येऊन बसावं, असं मला तेव्हा फार वाटलं होतं. मी दोन्ही शिकवते. 'एकोणतीस' तर तुराट्यांवरच कळतं: तीन जुड्या घ्या, त्यातली एक काडी काढून घ्या. ही गंमत कळली की मुलं दिवसभर 'एकोणचाळीस', 'एकोणपन्नास' करत बसतात.

तिसरं काम चावडी वाचन. मार्च २०२५ पासून निपुण महाराष्ट्र कार्यक्रमात ते सगळ्या शाळांना आलं. पारावर, गावासमोर, लेकरांनी वाचायचं. मला भीती होती की पुन्हा तेच होईल, घडाघडा वाचणारी दोन पोरं पुढं आणि बाकीची मागं. म्हणून आम्ही चिठ्ठ्या करतो, आणि त्या लिहितात गावातली माणसं. कोणी बियाण्याच्या पिशवीवरचं उतरवतं, कोणी लग्नपत्रिकेतलं. मुलानं चिठ्ठी उचलायची, वाचायची आणि काय समजलं ते सांगायचं. निपुणच्या हिशोबात दुसरीच्या मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचायला हवेत. मी घड्याळ खिशातच ठेवते. वाचून झाल्यावर एखादी आजी विचारते, "मंग लगन कधी हाय बाप्पा?" आणि पोरगं तारीख सांगतं. तेवढं मला पुरतं.

सगळं गोड आहे, असं समजू नका. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. गावाकडचे पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले, आणि जानेवारीत पुन्हा काही दिवस बंद झाले. त्या वर्षी माझ्या दुसरीत आलेल्या लेकरांनी पहिलीचा वर्ग पाहिलेलाच नव्हता. पेन्सिल मुठीत धरायची. त्या एप्रिलमध्ये पुस्तकं शिवली तेव्हा काहींची पानं चित्रांनीच भरली, शब्द चार. मी नोंदवहीत जसं होतं तसं लिहिलं: 'अक्षरं ओळखतो, शब्द जोडता येत नाहीत.' एका सहकाऱ्यानं विचारलं, कशाला स्वतःच्या हातानं स्वतःविरुद्ध लिहिता? मला बसस्थानक आठवलं. मी तिसरीच्या सरांना त्या मुलांची यादी हातात दिली आणि म्हटलं, ह्यांना आधी भेटा. उन्हाळ्यात मोठ्या बहिणींना आणि आयांना रोज एक गोष्ट वाचून घ्यायला सांगितलं. काही मुलं सावरली. दोघं अजूनही मागं आहेत. पण ती मागं आहेत हे शाळेला माहीत आहे.

आता आपल्याबद्दल बोलते, मग बसते.

हा मेळावा ठरला तेव्हा आपल्या संयोजकांनी फार कष्टानं सगळ्यांचे नंबर शोधले. सातवीच्या हजेरीवरून यादी केली. मी ती यादी पाहिली आणि घरी बसून आपल्या दुसरीचे चेहरे आठवले. तरटपट्टीवर माझ्या डावीकडं बसणारी मुलगी या यादीत नाही. तिसरीनंतर ती आलीच नाही. पाढे म्हणताना ओठ नुसते हलवणारा, आंबे मात्र सगळ्यांना वाटणारा मुलगाही नाही. तो दुसरीत दोनदा बसला आणि मग ढोरांमागं गेला. अशी आणखी नावं मला आठवली, काहींची नुसती टोपणनावं. ती मुलं आपल्याच शाळेची होती. १ मेला मागच्या वाटेनं घरी जाणारी. आपण त्यांना हसलो होतो. मीसुद्धा.

म्हणून माझी दोन मागणी आहेत. पहिली, पुढचा मेळावा दुसरीच्या हजेरीवरून भरवा. रजिस्टर शाळेच्या कपाटात असेल, मुख्याध्यापकांना विनंती करू. जी मंडळी गावात आहेत, त्यांच्या घरी आपणच जाऊ. पत्रिका पाठवून भागणार नाही, ती स्वतः जाऊन वाचून दाखवावी लागेल.

दुसरी, आज शाळेला भेट काय द्यायची यावर ग्रुपवर चर्चा चालू आहे. पंखे, घड्याळ, स्मार्ट टीव्ही. जरूर द्या. पण जमलं तर एप्रिलमध्ये एक सकाळ द्या. इथल्या किंवा तुमच्या गावच्या शाळेत जा, दुसरीतल्या एका लेकराशेजारी बसा, खिशातला कोणताही कागद काढा आणि त्याला वाचायला सांगा. अडलं तर रागावू नका. कुठं अडलं ते त्याच्या मास्तरांना सांगून या.

बाई, 'क्विंटल' मला आता वाचता येतं. तुम्ही मला रडू दिलं, पण तो कागद परत घेतला नाहीत, त्याबद्दल आज सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडते.