ट्रॉलीचे दिवे व उडणारा फ्यूज

आदिलाबाद जिल्ह्यात हंगामात कापसाने भरलेल्या ट्रॉल्या अंधारातही बाजाराची वाट धरतात. ट्रॉलीचा प्लग जोडताच ट्रॅक्टरचा फ्यूज उडत असेल, तर त्या जागी जाड तार बसवू नये. फ्यूज स्वतः वितळून वायरीचे रक्षण करतो. जाड तार वितळत नाही. वायर तापते आणि कापूस पेट घेऊ शकतो.

प्रथम प्लग काढून तितक्याच अँपिअरचा नवा फ्यूज बसवावा व दिवे लावावेत. पुन्हा उडाल्यास दोष ट्रॅक्टरमध्ये, टिकल्यास ट्रॉलीत. मग दिवे बंद करून वायर कोठे घासून सोलली आहे, ते पाहावे. उघडी तार लोखंडास टेकली की फ्यूज उडतो. तेथे टेप गुंडाळून वायर चाकापासून दूर बांधावी. मागचा लाल दिवा हाच रात्री ट्रॉलीचा राखणदार होय.