कापराच्या काजळीची करामत

मंडळी, आरतीला कापूर जाळला की तबकाला काजळी धरते. ही काजळी म्हणजे कोळसाच. याच कोळशाच्या, केसाहून हजारो पटींनी बारीक नळ्या करता येतात. वजनाला हलक्या, पण पोलादाहून बळकट! 1991 साली जपानच्या इइजिमा यांनी त्या जगापुढे मांडल्या.

तेव्हा कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटवून त्या करीत. तिथे उष्णता 3000 अंशांवर जाई. पोलाद तर 1500 अंशांतच वितळते. मग एवढी आच परवडणार कोणाला?

त्यावर युक्ती निघाली. दुधाला विरजण, तसे इथे लोखंडाचे बारीक कण. आपली कोळशाची भट्टी मातीने लिंपतात, नाही तर लाकडाची राख होते. तशीच इथेही हवा बंद. त्या कणांवरून कापराची वाफ सोडायची. कण वाफेतला कोळसा धरतो आणि त्यातून नळी वाढते. मग 700 ते 900 अंशांत काम भागते. पवईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक महेश्वर शेरॉन यांनी कापरापासून अशा नळ्या केल्या.

घरी मात्र हा खटाटोप नको, बरं का! ही धूळ छातीत गेली तर अपाय होऊ शकतो.

जळण वाढवण्याआधी विरजण शोधावे. त्यासाठी मुलामुलींना शिकवा.