पासपोर्टमधला ‘लेट’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात पासपोर्ट असेल. त्यात भारताच्या राष्ट्रपतींच्या नावानं एक विनंती छापलेली असते. पासपोर्टधारकाला मोकळेपणानं जाऊ द्यावं, ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’. हिंडरन्स म्हणजे अडथळा, हे आपल्याला ठाऊक असतं. पण ‘लेट’? एल, ई, टी. शाळेत आपण शिकलो तो अर्थ ‘करू देणं’. तो इथं लावला तर ‘परवानगीवाचून जाऊ द्यावं’ असं काहीतरी भलतंच हाती येतं! त्याच विनंतीचा हिंदी मजकूर वाचला की उलगडा होतो. तिथं शब्द आहेत, ‘बिना रोक-टोक’. म्हणजे हा ‘लेट’ अडवणारा आहे.

मग एकाच शब्दाचे असे उलटे अर्थ कसे? खरं तर हा एक शब्द नव्हेच. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती. एकाचा उच्चार साधारण ‘लेट्टन’, अर्थ अडवणं. दुसऱ्याचा ‘लॅटन’, त्यातला ‘लॅ’ लांबवलेला, अर्थ जाऊ देणं. पुढच्या काही शतकांत शब्दांची शेपटं झिजली, स्वर बदलले आणि दोघांच्या वाट्याला तीच तीन अक्षरं आली.

गंमत म्हणजे आपण ‘गाडी लेट आहे’ म्हणतो, तो ‘लेट’ या अडवणाऱ्या ‘लेट’चा भाऊबंद आहे. अडवणं म्हणजे मुळात उशीर करायला लावणं! टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून पलीकडे बरोबर चौकोनात पडला, की ‘लेट’ पुकारतात आणि सर्व्हिस पुन्हा करायला सांगतात. तो ‘लेट’ही हाच, चेंडूला अडथळा झाला असं सांगणारा. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये राजपुत्र भुतामागं निघतो आणि सोबती त्याला धरून ठेवतात. तेव्हा जो आपल्याला ‘लेट’ करील त्याची खैर नाही, अशा अर्थाची धमकी तो देतो. आजचा अर्थ धरून वाचलं, तर जाऊ देणाऱ्यालाच हा का धमकावतो, असा प्रश्न पडेल.

आता दुसरा शब्द पाहा. ई, ए, आर. ‘इअर’ म्हणजे कान. कणसालाही ‘इअर’च म्हणतात. कणीस कानासारखं दिसतं म्हणून हे नाव पडलं असावं, असं सहज वाटतं. पण हे दोन शब्दही मुळात वेगळे. आणि याच अक्षरांचा तिसरा शब्द होता, ‘इअर’ म्हणजे नांगरणं. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये दुष्काळाच्या प्रसंगी योसेफ भावांना सांगतो, की अजून पाच वर्षं ना ‘इअरिंग’ होईल, ना कापणी. आजच्या वाचकाला कानातलं आठवेल. योसेफ मात्र नांगरणीबद्दल बोलतो आहे. पुढं नांगरणाऱ्या ‘इअर’ची जागा ‘प्लाउ’नं घेतली.

त्याच बायबलमध्ये पुरुष आईवडिलांना सोडून पत्नीला ‘क्लीव्ह’ करतो, म्हणजे जडून राहतो. आणि खाटकाच्या सुऱ्याला म्हणतात ‘क्लीव्हर’, म्हणजे तोडणारा! जडणं आणि तोडणं, हीसुद्धा मुळात दोन निराळी क्रियापदं.

अशी सरमिसळ आपल्याकडेही आहे. ‘कर’ म्हणजे हात, ‘कर’ म्हणजे सरकारला भरायचा पैसा, आणि ‘काम कर’ मधलं ‘कर’ तिसरंच. पण आपला कधी घोटाळा होत नाही, कारण या तिघांची वाक्यं वेगळी असतात. अडचण येते ती दोन शब्द एकाच वाक्यात, एकाच जागी बसू लागले की. ‘त्यानं मला लेट केलं’ यात अडवलं की जाऊ दिलं? अशा वेळी बोलणारी माणसं एक शब्द हळूहळू टाकून देतात. ‘क्वीन’ म्हणजे राणी. जवळपास त्याच अक्षरांचा दुसरा ‘क्वीन’ होता, शेवटच्या दोन ‘ई’ऐवजी ‘ई, ए’ असलेला. त्याचा अर्थ आधी नुसता ‘बाई’, नंतर ‘चवचाल बाई’. दोन्हींचा उच्चार एक झाल्यावर राणीचं नाव घ्यायचं कसं? राणी राहिली, दुसरी बाई बोलण्यातून जवळजवळ गेली.

तरी टाकलेला शब्द सगळीकडून एकदम जात नाही, असं मला दिसतं. रोजच्या बोलण्यात तो टिकत नाही. पण जिथं वाक्यं सहसा बदलत नाहीत, तिथं तो तग धरतो. सरकारी कागद, कायदा, धर्मग्रंथ, खेळाचे नियम ही त्याची घरं. आणि नेमकी हीच कागदपत्रं आपल्याला चुकीची वाचून चालत नाहीत. अनोळखी शब्द भेटला तर आपण कोश उघडतो. ओळखीच्या शब्दासाठी कुणी उघडत नाही, आणि फसगत होते ती तिथंच.

म्हणून एक सुचवतो. ओळखीचा शब्द वाक्यात नीट बसेना, तर वाक्य ओढूनताणून जुळवू नका. मोठा इंग्रजी कोश काढा. मुळात वेगळ्या असलेल्या, पण सारख्या अक्षरांच्या शब्दांना तिथं एक, दोन, तीन असे आकडे देऊन वेगळं मांडलेलं असतं. पहिल्या नोंदीवर थांबू नका, पुढची पाहा. आपल्याला हवा असलेला जुना शब्द बहुधा तिथं बसलेला असतो.